वकील हुशार असले की पुरे, की अशिलाला कळवणंही त्यांचंच काम?

कृष्णाकाठ
आईने २०१८ साली माहेरच्या जमिनीत वाटपाचा दावा लावला. वारसाच्या फेरफारात मामांनी तिचं नाव येऊच दिलं नव्हतं. तालुक्यातले नावाजलेले वकील घेतले. त्यांचं नाव इथे देत नाही आणि कुणी विचारूही नये.

सुरुवातीचं काम उत्तम झालं. महाराष्ट्रात मालमत्तेच्या दाव्यात बाईला १९९४पासून कोर्ट फी माफ आहे, हे त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं. त्याआधी भेटलेल्या एकाने आमच्याकडे त्याच स्टॅम्पचे पैसे मागितले होते. यांनी एकेक गट नंबर सातबाऱ्याशी ताडून दावा लिहिला आणि मामांनी जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूमही मिळवून दिला. त्याबद्दल आजही त्यांना मान देते.

मग तारखा सुरू झाल्या. आई माझ्याकडे पुण्यात, कोर्ट दीडशे किलोमीटरवर आणि गुडघ्यांमुळे तिला एसटी झेपत नाही. दर महिन्याला ती वकिलांच्या कारकुनाला फोन करायची, तो सांगेल ती पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायची. गेल्या आठवड्यात भाच्याने ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा सोळा अक्षरा-अंकांचा ओळख क्रमांक टाकला. वादी आणि वकील दोघेही गैरहजर म्हणून दावा चार महिन्यांपूर्वीच फेटाळलेला. दावा गेला तसा मनाई हुकूमही गेला. त्यानंतरच्याही चार तारखा आमच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेल्या आहेत.

वकिलांना फोन केला. म्हणाले, "होतं असं कधीकधी. रिस्टोरेशनचा, म्हणजे दावा पुन्हा सुरू करायचा अर्ज टाकू, आठ हजार घेऊन या."

चूक कुणाचीही होते. पण ती लपवायची आणि निस्तरायचे पैसे आमच्याकडूनच घ्यायचे, याला काय म्हणायचं?

पेठकर
व्यनि (खाजगी निरोप) करून खात्री केली, माझ्या ओळखीचे वकील तेच आहेत. म्हणूनच लिहितोय, कारण आमचं दुकान या माणसामुळे वाचलं.

भाडं थकवलं म्हणून मालकाने वडिलांवर दुकान खाली करण्याचा दावा लावला होता. भाडं दिलेलं होतं, पण दोन वर्षांच्या पावत्या सापडत नव्हत्या. एका हितचिंतकाने मागच्या तारखांच्या पावत्या बनवून दिल्या. वकीलसाहेबांनी त्यातली एक खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, शाई बघितली आणि गठ्ठा परत वडिलांच्या हातात ठेवला. "हे मी दाखल करणार नाही. खरं काही असेल तर शोधा, नाहीतर दुसरा वकील बघा." वडील घरी येऊन चिडले होते. मग माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरच्या पोचा निघाल्या. त्यांवर आम्ही जिंकलो.

फोन ते आमचाही उचलत नसत. पण मला वकील कोर्टात उभा राहणारा हवा, फोनवर गोड बोलणारा नको.

कृष्णाकाठ
पेठकर, वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. तुमचं दुकान कोर्टापासून किती लांब?

पेठकर
समोरच आहे. वडील रोज संध्याकाळी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचे.

कृष्णाकाठ
तेच म्हणायचं होतं. तुमचे वडील रोज समोर दिसत होते. आई दिसत नव्हती. जो समोर येऊन बसेल त्याचीच फाईल वर येणार असेल, तर लांब दिलेल्या लेकीने, म्हाताऱ्या माणसाने, मुंबईत हमाली करणाऱ्याने करायचं काय? वकीलपत्रावर सही घेतात ती आम्ही हजर राहू शकत नाही म्हणूनच ना?

काळा कोट
वीस वर्षं तालुका कोर्टात वकिली करतोय, दुसरी बाजू सांगतो. दोन कोर्टांत एकाच वेळी पुकारा होतो. एकीकडे साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, ज्युनिअर दुसरीकडे धावतो आणि पोचेपर्यंत आदेश झालेला असतो. अशील दोन वर्षं तोंड दाखवत नाही, फी बुडवतो, मोबाईल नंबर बदलतो. सीएनआर नंबर २०१८पासून तुमच्याकडे असेल, तर ॲप तेव्हाच का नाही बघितलं? एक तारीख चुकली म्हणून लगेच व्यावसायिक गैरवर्तन होत नाही.

कृष्णाकाठ
आईचा नंबर पंधरा वर्षं तोच आहे. फी ठरली तेवढी दिली, पावती मिळाली नाही. ॲप माहीत नव्हतं हा आमचा कमीपणा, मान्य. पण मी चुकलेल्या तारखेबद्दल बोलतच नाहीये. नसलेल्या चार तारखा सांगितल्या, त्याबद्दल बोलतेय.

काळा कोट
त्या चार तारखांचं समर्थन मी करणार नाही. बोलला कारकून असला तरी जबाबदारी वकिलाचीच. बाकी माझं मत कायम आहे.

मीनल
ग्राहक मंचात जा ना. फी घेतली, सेवा दिली नाही.

शिरस्तेदार
तो रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी निकाल दिला. तक्रार करायची तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, १९६१च्या वकील कायद्याच्या कलम ३५खाली. समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा आहे.

पण मी कोर्टात नोकरी केली आहे, म्हणून ताई, आधी दावा वाचवा. तो पुन्हा फाईलवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत होती, ती संपली. आता उशीर माफीचा अर्ज सोबत लागेल. रोजनाम्याची (कोर्टातल्या दर तारखेच्या नोंदीची) आणि फेटाळल्याच्या आदेशाची नक्कल काढा. ते कॅलेंडर टाकू नका, कारकुनाला केलेल्या फोनची यादीही काढून ठेवा. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं आहे. नवीन वकिलाला ते ठाऊक असेलच.

पेठकर
माझ्या मते त्यांच्याकडूनच अर्ज करून घ्या. फी न घेता करतील, मी स्वतः बोलतो. एवढ्या वर्षांचं नाव तक्रारीने मातीत घालू नका.

काळा कोट
यात मी पेठकरांच्या विरुद्ध आहे. उशीर का झाला हे त्या अर्जात लिहावं लागेल. ज्यांच्यामुळे झाला तेच ते खरं लिहितील का? वकील बदला. ते ना हरकत देत नसतील तर कोर्टाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवली, तरी तसा हक्क वकिलाला नाही, हे २०००मध्येच ठरलं आहे.

कृष्णाकाठ
पेठकर, तुम्ही बोलू नका, तुमचे संबंध बिघडायला नकोत. शनिवारी मी स्वतः फाईल आणायला जातेय, पोच लिहून नेतेय. तक्रारीचं अजून ठरलेलं नाही. त्या खोट्या पावत्या परत करणाऱ्या माणसाने आईला हे का केलं, ते समोर बसून एकदा विचारायचं आहे. आईला मात्र काल सांगितलं. तिने कॅलेंडर उतरवलं, पानं उलटत चारही तारखांवर बोट ठेवून मोजल्या आणि म्हणाली, "यातल्या दोन दिवशी मी उपास केला होता."