मफ झालेला पंट किकिंग टीमला पळवता यायला हवा का?

चौथा_डाऊन:
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये पंटच्या, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब लाथ मारून समोरच्याला देण्याच्या, नियमांत एक गोष्ट मला सरळ अन्यायाची वाटते. पंट स्क्रिमेज लाइन (जिथून डाव सुरू होतो ती रेषा) ओलांडून गेला, रिटर्नरच्या, म्हणजे तो झेलून परत पळणाऱ्याच्या, हाताला लागून निसटला (हाच मफ) आणि किकिंग टीमच्या माणसाने उचलला, तर चेंडू तिथेच डेड, म्हणजे खेळ थांबला. ताबा किकिंग टीमला मिळतो, पहिला डाऊनही मिळतो, म्हणजे नव्याने चार प्रयत्न, पण एक यार्डसुद्धा पुढे पळता येत नाही. तोच चेंडू रिटर्नरने नीट धरला, चार पावलं टाकली आणि मग तो सुटला, तर तो फंबल. तो उचलून थेट एंड झोन (मैदानाच्या टोकाची गुणांची पट्टी) गाठता येतो.

२२ जानेवारी २०१२ चा सान फ्रान्सिस्कोमधला एनएफसीचा (एनएफएलच्या दोन विभागांपैकी एकाचा) अंतिम सामना घ्या. एकाच सामन्यात दोन्ही प्रकार झाले. चौथ्या क्वार्टरमध्ये जायंट्सचा पंट टप्पा खाऊन फोर्टीनाइनर्सच्या काइल विल्यम्सच्या गुडघ्याला पुसटसा लागला. जायंट्सच्या डेव्हिन थॉमसने तो उचलला आणि रिप्ले पाहून स्पर्श झाल्याचं ठरलं. हा मफ. पुढे ओव्हरटाइममध्ये विल्यम्स चेंडू घेऊन पळत असताना तो त्याच्या हातून उडवला गेला आणि पुन्हा थॉमसलाच मिळाला. हा फंबल. पहिल्या वेळी पळायची परवानगी नव्हती, दुसऱ्या वेळी होती. चूक दोन्हीकडे रिसीव्हिंग टीमचीच, मग फळात फरक का?

लाँगस्नॅपर:
कारण पहिल्या प्रसंगात चेंडू अजून कोणाच्याच ताब्यात गेलेला नव्हता. तो अजून किकच होता, हवेतून जमिनीवर आला एवढंच. फंबल व्हायला आधी ताबा असावा लागतो. चेंडू हातात पक्का, दोन्ही पाय जमिनीवर आणि ताबा टिकल्याची खूण, एवढं झालं की किक संपते आणि साधा खेळ सुरू होतो.

पंट म्हणजे आपणहून चेंडू देऊन टाकणं. तुम्ही चौथा डाऊन खेळायचा नाही असं ठरवलंत आणि बदल्यात समोरच्याला चाळीसेक यार्ड मागे ढकललंत. तो सौदा झाला. समोरच्याच्या हातून चेंडू निसटला तर तुम्हाला ताबा परत मिळतो, हीच मोठी सवलत आहे. त्यावर धावही हवी, हे मला पटत नाही.

चौथा_डाऊन:
मग ब्लॉक झालेल्या, म्हणजे मारताच अडवलेल्या, पंटचं काय? चेंडू लाइनच्या मागेच राहिला तर किकिंग टीम तो उचलून पळू शकते, पास टाकू शकते, एवढंच काय पुन्हा किक मारू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिअ‍ॅटलच्या मायकल डिक्सनने रॅम्सविरुद्ध ब्लॉक झालेला पंट उचलून दुसऱ्यांदा मारला आणि तो वैध ठरला. तिथे ‘सौदा झाला’ म्हणून कोणी अडवलं नाही.

लाँगस्नॅपर:
अडवलं नाही, कारण चेंडूने लाइन ओलांडलीच नव्हती. या नियमांत सगळा फरक त्या एका रेषेचा आहे. रेषेच्या मागे डाऊन अजून तुमचाच चालू असतो. म्हणून तिथे चेंडू उचलून पळालात आणि पहिल्या डाऊनची खूण गाठली नाहीत, तर चेंडू समोरच्याला जातो. रेषेच्या मागे बचावातल्या माणसाचा हात लागून चेंडू पुढे गेला, तर तो स्पर्श धरलाच जात नाही. गनरने (पंटच्या वेळी टोकाला उभं राहून रिटर्नरकडे धावणाऱ्याने) जाऊन पडावं आणि चेंडू आपला झाला म्हणावं, असं होत नाही. नवीन बघणारे इथेच सगळ्यात जास्त फसतात.

हँगटाइम:
नियमाचं तर्कशास्त्र बाजूला ठेवून मैदानावर काय होतं ते बघू. लाँग स्नॅपर, म्हणजे पंटरकडे चेंडू मागे फेकणारा, साधारण चौदा-पंधरा यार्ड मागे चेंडू टाकतो. त्याला पाऊण सेकंद लागतो आणि स्नॅपपासून बूट लागेपर्यंत सगळं मिळून दोन सेकंदांच्या आसपास. चांगला पंट साडेचार सेकंद हवेत राहतो. किक लागण्याआधी लाइनच्या पुढे फक्त दोन टोकांचे गनर जाऊ शकतात, बाकी कोणी गेलं तर पाच यार्डांचा दंड. म्हणजे चेंडू खाली येईपर्यंत गनरला पळायला साडेसहा सेकंद मिळतात. पंचेचाळीस यार्ड जाऊन तो रिटर्नरच्या नाकासमोर उभा असतो.

रिटर्नर मात्र वर बघतोय. उजव्या पायाचा स्पायरल एका बाजूला वळतो, डाव्या पायाचा दुसऱ्या. ऑस्ट्रेलियन पद्धतीचा उभा गोल फिरणारा पंट टप्प्यावर मागेही येतो. अशा वेळी निसटलेला चेंडू थेट टचडाऊन देणार असेल, तर शहाणा रिटर्नर एकच करेल. हात डोक्याच्या वर नेऊन हलवायचा आणि प्रत्येक पंटला फेअर कॅच, म्हणजे पळायचं सोडून निर्धोक झेल. नाहीतर वाऱ्यात चेंडूच्या जवळही जायचं नाही आणि ‘पॉयझन’ ओरडून आपल्या ब्लॉकर्सना लांब हाकलायचं. पंट रिटर्न हा या खेळातला सगळ्यात देखणा भाग आहे. तुमच्या बदलाने तो संपेल.

चौथा_डाऊन:
फेअर कॅच वाढेल हे मान्य. पण रिटर्नरला संरक्षण आधीच भरपूर आहे. फेअर कॅचमध्ये अडथळा आणला की पंधरा यार्डांचा दंड. हातातून उडालेला चेंडू जमिनीला लागेपर्यंत पुन्हा पकडायची वाजवी संधीही त्याला द्यावी लागते. १९ डिसेंबर २०२४ ला डेन्व्हरच्या संघाला अडथळ्याचा हाच दंड पूर्वार्धाच्या अगदी शेवटी लागला. चार्जर्सनी फेअर कॅचनंतरची फ्री किक (कोणी अडवायला न येता गोलच्या खांबांकडे मारायची किक) मागितली आणि कॅमेरॉन डिकरने ५७ यार्डांवरून तीन गुण घेतले. १९७६ नंतर पहिल्यांदाच अशी किक यशस्वी झाली.

किकिंग टीमने आधी नुसता स्पर्श केला आणि ताबा घेतला नाही, तर तो प्रकार आणखीच एकतर्फी. चेंडू जिवंत राहतो, रिटर्नर उचलून पळू शकतो, आणि पळताना त्याच्या हातून गेला तरी, मध्ये दंडाचा प्रश्न आला नसेल तर, पहिल्या स्पर्शाच्या जागी चेंडू त्याच्या संघाला परत. एका बाजूला धोका शून्य आणि दुसऱ्या बाजूला मफ उचलूनही पाय बांधलेले. तराजू झुकलेला आहे.

लाँगस्नॅपर:
पहिल्या स्पर्शाचा नियम समतोलासाठीच आहे. तो नसता तर गनरने पाच यार्डाच्या रेषेवर चेंडूला टपली मारून आत ठेवायचा आणि रिटर्नरने हात लावला की झडप घालायची, असा खेळ झाला असता. टपली मारायची मुभा तुम्हाला आहे, त्याची किंमत एवढीच की समोरच्याला एक मोफत प्रयत्न. आणि गनरने रिटर्नरला ढकलून चेंडूवर पाडलं तर तो स्पर्श मोजत नाहीत, हेही त्याच विचारातून.

मॅपललीफ:
कॅनडाच्या फुटबॉलचं उदाहरण कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. तिथे फेअर कॅच नाहीच. त्याऐवजी चेंडू घेणाऱ्याभोवती पाच यार्डांची मोकळी जागा ठेवावी लागते. पण पंट मारणारा स्वतः आणि किकच्या क्षणी त्याच्या मागे असलेले खेळाडू ऑनसाइड (चेंडू घेण्याचा हक्क असलेले) धरतात, आणि ते चेंडू उचलून पळवू शकतात. अगदी समोरच्याने हातही लावला नसला तरी. रग्बीतून आलेली गोष्ट आहे. मला हाच मधला मार्ग योग्य वाटतो. मफ झालेला चेंडू मागून आलेल्याने उचलला तर पळू द्यावा, आधीच पुढे गेलेल्या गनरने उचलला तर डेड.

हँगटाइम:
ते मैदान एकशे दहा यार्ड लांब आणि पासष्ट यार्ड रुंद, आणि डाऊन तीनच. तिथे पंट जास्त होतात आणि मोकळी जागाही असते. त्रेपन्न यार्डांच्या पट्ट्यात बावीस जणांच्या गर्दीतून ‘मागून आलेला कोण’ हे पंचांनी किकच्या क्षणी टिपायचं कसं? पंटर तर पंधरा यार्ड मागे उभा. मफपाशी तो क्वचितच पोचतो.

चौथा_डाऊन:
कॅनडाची ती अट मला अवघडच वाटते, त्यावर माझा आग्रह नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. दोन यार्डाच्या रेषेवर मफ झाला आणि चेंडू घरंगळत एंड झोनमध्ये गेला, तिथे किकिंग टीम त्यावर पडली, तर एनएफएलमध्ये टचडाऊन. तोच चेंडू एक यार्डावर उचलून आत पाऊल टाकलं तर डेड. पळवायला बंदी, पण घरंगळला तर सहा गुण?

लाँगस्नॅपर:
हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तर्काने त्याचा बचाव करणं अवघड जातं. नियमाकडून एवढंच सांगता येतं की चेंडू जिथे उचलला तिथेच राहतो, आणि एंड झोनमध्ये उचलला तर ती जागाच टचडाऊनची. एक यार्डावर डेड झाला तरी त्या यार्डासाठी चार डाऊन हातात असतातच. तरीही नियम बदलायचाच असेल तर मी उलट दिशेने बदलेन. एंड झोनमधला मफही एक यार्डावर आणून ठेवावा.