चेफ : काचणे की धुसफुसणे?

अनुवादिका
'चेफ' (chafe) हे इंग्रजी क्रियापद (आचारी तो शेफ, तो वेगळा) अनुवादात सतत आडवं येतं. कोशात घासणे, चोळणे, चिडणे असे अर्थ मिळतात आणि बहुतेक जण 'चिडणे' उचलतात. 'ही चेफ्ड अंडर हिज फादर्स ऑथॉरिटी' याचं 'वडिलांच्या सत्तेमुळे तो चिडला' हे मराठी मला मुळीच पटत नाही. चिडणं घटकाभराचं. चेफमध्ये तीच जागा पुन्हा पुन्हा घासली जाते. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : काचणे. दोर काचतो, पट्टा काचतो, बंधनंही काचतात. शरीरापासून मनापर्यंतची वाट मराठीनेही आपली आपण काढली आहे. 'वडिलांची सत्ता त्याला काचत होती.' सरसकट हेच वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

धगधगता
'सरसकट'ला माझा विरोध. तुमच्या वाक्यात कर्ताच बदलला. इंग्रजीत मुलगा चेफ करतो. तुमच्याकडे सत्ता काचते आणि मुलगा नुसता सोसतो. काच निमूटपणे सोसता येतो. चेफ करणारा आतून उसळत असतो.
शब्दाचं मूळही तेच सांगतं. लॅटिनमधलं 'कालेफाकेरे' म्हणजे तापवणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. आधीचा अर्थ ऊब देणे. अन्न गरम ठेवणाऱ्या भांड्याला 'चेफिंग डिश' म्हणतात ते त्यामुळेच, आणि मोटार चालवणारा 'शोफर' याच कुळातला. फ्रेंचमध्ये तो मुळात भट्टीत कोळसा टाकणारा. 'चेफ'चा अर्थ पुढे झाला गारठलेले हात चोळून गरम करणे, मग चोळून कातडी हुळहुळी होणे, मग मन. मराठीतही माणूस तापतो, धुमसतो. म्हणून मी 'धुसफुसणे' घेईन.

अनुवादिका
मूळ अर्थ आजच्या वाक्यावर लादू नये. 'द कॉलर चेफ्ड हिज नेक' यात कर्ता कॉलरच आहे ना? 'द रूल्स चेफ्ड' असंही लिहितात. म्हणजे कर्त्याची ही अदलाबदल इंग्रजीला चालते. मग मराठीत का नको? आणि धुसफुसणं बाहेर ऐकू येतं. वर्षानुवर्षं चेफ करणारा माणूस तोंडातून अवाक्षरही काढत नसेल.

लांब_पल्ला
मनाचं तुम्ही ठरवा, पण शरीराच्या अर्थालाही 'काचणे' पुरत नाही. आम्हा धावणाऱ्यांना चेफिंग होतं ते मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत. कातडीवर कातडी घासते, घाम वाळून मिठाचे कण राहतात आणि चुरचुर वाढते. (पळण्याआधी पेट्रोलियम जेली लावा, घर्षण कमी होतं.) इथे काचायला पट्टा नाही की दोर नाही. आम्ही 'सोलवटलं' म्हणतो आणि समोरच्याला लगेच कळतं.

शिडाची_दोरी
नौकानयनात तर उलटच. तिथे दोर स्वतःच चेफ होतो : कठड्यावर घासून त्याचे धागे तुटतात. तो झिजू नये म्हणून त्यावर चामडं किंवा रबरी नळी चढवतात. मराठीत 'दोर काचला' म्हटलं की दुसऱ्या कुणाला तरी इजा झाली. त्यामुळे इथे 'घासून झिजणे' हवं, नाहीतर वाचणारा भलतीकडेच बघेल.

अनुवादिका
या दोन्ही ठिकाणी तुमचेच शब्द हवेत. जुन्या कथांत बेशुद्ध माणसाचे हात 'चेफ' करतात, तिथेही 'चोळणे'च. (हिमदंशात मात्र चोळू नये, गोठलेल्या पेशींना जास्त इजा होते.) माझा आग्रह आता फक्त बंधनाच्या अर्थापुरता आहे.

धगधगता
मग 'ही चेफ्ड ॲट द डिले' घ्या. 'उशीर त्याला काचत होता' असं कोणी बोलेल? मुळीच नाही. 'खोळंब्याने तो धुसफुसत होता' हेच येतं. 'अंडर' म्हणजे वर कुणाची तरी सत्ता आहे. 'ॲट' म्हणजे एखाद्या गोष्टीला न जुमानणारी अधीरता. हा फरक अनुवादात उतरायलाच हवा.

अनुवादिका
उशिराला 'काचणे' लागत नाही, खरं आहे. पण तिथेही मी 'त्याची तगमग होत होती' लिहीन, धुसफुस नाही. आणि 'अंडर' आलं की काचच. ते मी सोडणार नाही.