मदत हवी आहे : १७८० सालच्या राणीछाप चांदीच्या नाण्याची किंमत

साताऱ्याचा नातू
नमस्कार. आमच्या देव्हाऱ्यात १७८० सालचे मोठे राणीछाप चांदीचे नाणे आहे. जुनी नाणी घेणाऱ्या एका गृहस्थांनी दूरध्वनीवरून तीन लाख रुपये देऊ केले असून त्याची मुदत उद्या सायंकाळी संपते. हा भाव योग्य आहे की अधिक मागावा, एवढेच कृपया त्वरित सांगावे.

कृष्णाकाठ
आपण राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणी समजत असाल तर सन जुळत नाही, कारण तिचा जन्मच १८१९ सालचा आहे. वजन किती, मागील बाजूस काय आहे, कडेवर अक्षरे आहेत काय आणि नाणे घरात आले कसे, हे समजल्याशिवाय किंमत कोणीही सांगू शकणार नाही.

चांदीवाले आबा
माझा अनुभव असा की जुनी चांदी कधीही विकू नये. चिंचेने स्वच्छ घासून घ्या, म्हणजे अक्षरे स्पष्ट दिसतील, आणि मग सराफाकडे न्या.

नाणेमित्र, सांगली
आबांचा अनुभव मोठा आहे, परंतु चिंचेचा सल्ला कृपया मानू नये. घासल्याने नाण्याची मूळ झळाळी आणि ठशाचे बारीक काम कायमचे जाते व संग्राहक असे नाणे कमी भावानेच घेतात. हळदीकुंकू लागले असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडावर न घासता टिपून घ्यावे.

साताऱ्याचा नातू
मला इतिहास नको, किंमत हवी आहे. तरीही लिहितो. मागे दोन तोंडांचा गरुड आहे, राणीच्या डोक्यावर पदर आहे आणि कडेवर इंग्रजीसारखी अक्षरे आहेत. माझे आजोबा मराठा पलटणीतून हबसाणच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) लढाईला गेले होते, तेथून त्यांनी हे आणले, असे आजी सांगते.

नाणेमित्र, सांगली
मग हे मारिया थेरेसा थालर आहे. डोक्यावरचा तो पदर म्हणजे १७६५ साली पती वारल्यानंतर ऑस्ट्रियाच्या या सम्राज्ञीने घेतलेले वैधव्याचे वस्त्र होय. ती १७८० साली वारली. परंतु तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांना हेच नाणे हवे असल्यामुळे त्यावरचा सन न बदलता ते पुढेही पाडले जात राहिले. खांद्यावरील पिनेचे मोती नीट उमटलेले आहेत की नाहीत, हे पाहूनच तिकडचे लोक नाणे स्वीकारत असत.

१९३५ साली इटलीने हबसाणवरील स्वारीसाठी ऑस्ट्रियाकडून मूळ ठसे मिळवले, तेव्हा लंडन, पॅरिस आणि ब्रुसेल्स येथेही हे थालर पाडले जाऊ लागले आणि १९४०–४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही! मराठा लाइट इन्फंट्री १९४१ साली हबसाणशेजारच्या इरिट्रियात केरेनला इटलीविरुद्ध लढली होती. त्यामुळे आपल्या आजोबांनी आणलेले नाणे मुंबईतच घडलेले असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने याच गोष्टीचे मोल सर्वांत मोठे आहे.

अजिंक्यतारा
परदेशी नाण्यांमागे लागण्यापेक्षा साताऱ्याच्या माणसाने शिवराई जमवावी, असे माझे ठाम मत आहे. अक्षरांच्या वळणावरून शिवराईचे प्रकार कसे ओळखावेत, यावर मी सविस्तर लिहू शकेन.

चांदीवाले आबा
पुन्हा पाडलेले असले तरी ती चांदीच आहे. गुंतवणूक म्हणून ते राखावे, हे माझे म्हणणे कायम आहे.

नाणेमित्र, सांगली
आबा, गुंतवणुकीचा हिशेबही मांडू या. थालरचे वजन सुमारे २८.०७ ग्रॅम आणि कस ८३३ (हजार भागांत ८३३ भाग चांदी), म्हणजे शुद्ध चांदी सुमारे २३.४ ग्रॅम. नंतर पाडलेल्या सामान्य नाण्याला चांदीच्या भावाहून थोडेच अधिक मिळते. तीन लाख कोणी कशासाठी देईल?

कृष्णाकाठ
माझाही तोच प्रश्न आहे. त्या गृहस्थांनी आधी काही रक्कम मागितली आहे काय?

साताऱ्याचा नातू
होय. नोंदणी शुल्क म्हणून साडेसात हजार रुपये आज भरायचे आहेत. ते मला विशेष वाटले नाही, म्हणून लिहिले नव्हते.

कृष्णाकाठ
कृपया एक रुपयाही भरू नका. जुनी नाणी व नोटा विकत घेतो असे सांगून शुल्क, दलाली किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीरपणे कळवले आहे. अशा व्यवहारांशी बँकेचा काहीही संबंध नसतो.

साताऱ्याचा नातू
शुल्क भरलेले नाही आणि आता भरणारही नाही. दुपारी सराफाकडे जाऊन आलो. वजन २८.०६ ग्रॅम भरले. मात्र चांदी अस्सल आहे काय, हे नाणे न कापता कसे पाहावे?

नाणेमित्र, सांगली
कापू नका आणि कसोटीवरही घासू देऊ नका. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काट्यावर सुमारे २.७५ ग्रॅम (म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) दिसले, तर धातू अपेक्षेप्रमाणे आहे. त्यानंतर उन्हाच्या तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन येथे द्या. पिनेवरील मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसे स्पष्ट दिसली पाहिजेत, कारण टाकसाळ कोणती ते त्यांवरूनच ठरवावे लागेल.

साताऱ्याचा नातू
काट्यावर २.७६ दिसले. उद्या सकाळी अंगणात ऊन आले की छायाचित्रे देतो. आजोबांच्या पलटणीची कागदपत्रे आजीच्या ट्रंकेत आहेत, तीही काढायला सांगितली आहेत.