मकरपुऱ्यातलं पॅनेलचं युनिट : ऑर्डरी बारा, वेळेवर एकही नाही. सुरुवात कुठून करावी?

पॅनेलपेटी_मकरपुरा
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एलटी पॅनेल (कमी दाबाच्या विजेच्या वितरणपेट्या) आणि एमसीसी (मोटारींच्या नियंत्रणाच्या पेट्या) बनवणारं युनिट आहे. शॉपमध्ये एका वेळी १२ जॉब असतात, महिन्याला ६ बाहेर पडतात. कबुली सहा आठवड्यांची, माल निघतो नऊ आठवड्यांनी. पीओत (ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरमध्ये) उशिराला आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के कपात लिहिलेली असते आणि ती बहुतेक वेळा लागतेच. शॉपवाले परचेसकडे बोट दाखवतात, परचेसवाले डिझाइनकडे. शेठचं म्हणणं, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेऊन टाकू. घ्यावं का?

विश्वामित्रीकाठ
आत्ता नको. नुसता उशीर स्क्रीनवर रंगीत दिसेल.

तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. आत १२ जॉब आणि महिन्याला ६ बाहेर, म्हणजे प्रत्येक जॉब सरासरी दोन महिने आत राहणारच. तुमचे नऊ आठवडे तिथूनच आले, कोणी आळशी आहे म्हणून नव्हे. आत ७-८ जॉब ठेवा. बाहेर पडण्याचा वेग तोच राहिला, तरी मुक्काम पाच-सहा आठवड्यांवर येतो. वायरमन तेवढेच असताना चार पॅनेल अर्धवट उघडी ठेवली, की ते रोज सकाळी कालचं कुठवर आलं होतं हे शोधण्यात तासभर घालवतात.

मग जॉब आत कधी घ्यायचा? तीन गोष्टी हातात आल्यावर : ग्राहकाची सही असलेलं जीए ड्रॉइंग (पॅनेलची मापं आणि मांडणी) आणि एसएलडी (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा), पूर्ण बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी), आणि ब्रेकर-रिले मिळण्याच्या पक्क्या तारखा. शीट मेटल विभाग रिकामा बसू नये म्हणून मंजुरीआधीच पत्रा कापायची सवय सगळ्यात महाग पडते. ग्राहक शेवटी सांगतो, केबल खालून नाही, वरून येणार. मग ग्लँड प्लेट (केबल आत घ्यायची पट्टी) बदलते, केबल ॲलीची (केबलसाठीच्या उभ्या कप्प्याची) रुंदी बदलते, बसबार चेंबर (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा कप्पा) सरकतं, आणि पावडर कोटिंग होऊन आलेली दारं भंगारात जातात. आठवडाभर शॉप गजबजलेलं दिसतं आणि जॉब मात्र जागचा हललेला नसतो.

एक वाक्य ऑर्डर ॲक्सेप्टन्समध्ये घाला : डिलिव्हरीचे दिवस मंजूर ड्रॉइंग आणि ॲडव्हान्स, यांपैकी जे नंतर मिळेल त्या तारखेपासून मोजले जातील. मार्केटिंगवाले कुरकुर करतील, करू देत. पण ग्राहकाने ते मान्य केल्याचं लेखी घ्या, नाहीतर त्याची पीओच खरी धरली जाईल.

तांब्याचा_हिशेब
वरच्याशी सहमत, पण परचेस मंजुरीची वाट बघत बसलं तर घात होईल. एसीबी (मोठे एअर ब्रेकर), न्यूमेरिकल रिले (डिजिटल संरक्षण रिले), व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह) यांना आठवडेच्या आठवडे लागतात. एसएलडीवरून रेटिंग कळतं, मेकची (कोणत्या कंपनीचा माल चालेल याची) यादी पीओत असते. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत 'लांब मुदतीचा माल' अशी वेगळी छोटी बीओएम काढा आणि ग्राहकाकडून तेवढीच मंजुरी ईमेलवर आधी घ्या. पूर्ण जीए मागून येऊ दे. टर्मिनल, लग, फेरूल असे तारा जोडायचे-ओळखायचे किरकोळ भाग स्टॉकमध्ये असले की पुरे, त्यांचा पाठपुरावा करत बसू नका.

व्हेंडरकडून ऑर्डरची लेखी पोच घ्या. पहिला फोन मुदतीच्या निम्म्यावर करा. शेवटच्या दिवशी केलेल्या फोनला "उद्या पाठवतो" इतकंच उत्तर मिळतं.

आणि पैसे. पावडर कोटिंगवाला, सीएनसी पंचिंगवाला बहुधा सूक्ष्म किंवा लघु उद्योगच असतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी त्याला कमाल ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५. ज्याचं बिल तीन महिने अडकलंय, तो तुमची दारं रांगेत शेवटीच लावणार.

पॅनेलपेटी_मकरपुरा
पटलं. पण लक्ष ठेवणार कोण? मीटिंगा आत्ताही होतात, दोन-दोन तास. शिवाय कबुलीची तारीख ठरवायची कशी?

रावपुरा_नियोजन
तारखेचं आधी. प्रत्येक टप्प्याचे तीन आकडे विचारा : लवकरात लवकर, बहुधा, आणि सगळं बिघडलं तर. ड्रॉइंग मंजुरी ४, ८ आणि २४ दिवस असेल, तर ४ + (४ × ८) + २४ = ६०, भागिले ६, म्हणजे १० दिवस धरा. ही पर्ट नावाच्या नियोजन पद्धतीची रीत, १९५८ पासून चालत आलेली. राखीव दिवस प्रत्येक टप्प्यात लपवू नका, मिळाले की ते खर्च होतातच. सगळे एकत्र करून शेवटी ठेवा आणि दर आठवड्याला किती उरले ते बघा. पॅनेल निम्मं झालं नसताना निम्मे राखीव दिवस संपले, तर ग्राहकाला तेव्हाच कळवा.

कॅलेंडर बडोद्याचं लावा. नवरात्रात गरब्यामुळे सेकंड शिफ्ट अर्धी रिकामी. दिवाळी ते लाभपंचम युनिट बंद. बिहार-यूपीचे फिटर छठ करूनच परतणार. १४-१५ जानेवारीला सगळे गच्चीवर. या दिवसांत टेस्टिंग लावलेलं वेळापत्रक कागदावरच राहतं.

लक्ष कोणी ठेवायचं : जॉबमागे एकच नाव. डिझाइनचा माणूस घ्या किंवा शॉपचा, पण पीओपासून डिस्पॅचपर्यंत तोच. सोमवारी फळ्यासमोर उभ्याने २५ मिनिटं. जॉबमागे तीनच प्रश्न : कुठे अडलंय, कोण सोडवणार, कधीपर्यंत. "नव्वद टक्के झालं" हे उत्तर बंद करा. टप्पा एकतर झाला, नाहीतर झाला नाही. बसबारचे जोड ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळून मार्क केले नसतील, तर बसबार झालेला नाही.

बदल आला की एका पानाची नोट : काय बदललं, किती रुपये, किती दिवस, ग्राहकाची सही. सही येईपर्यंत जुन्याच ड्रॉइंगवर काम, किंवा तेवढा भाग थांबवून.

विश्वामित्रीकाठ
एक राहिलं, इन्स्पेक्शन. ग्राहकाच्या इन्स्पेक्टरला सात-दहा दिवस आधी कॉल द्यावा लागतो, आणि बरेच जण तो पॅनेल तयार झाल्यावर देतात. कॉल वायरिंग सुरू होताच द्या आणि तो येण्याच्या दोन दिवस आधी घरची तपासणी उरका : मेगर (इन्सुलेशनची चाचणी), फंक्शन टेस्ट, फेरूल नंबर, नेमप्लेट. नेमप्लेटवरच्या स्पेलिंगसाठी दुसरी फेरी मारायला लावली, की पुढची तारीख त्याच्या सोयीने मिळते.