इलेक्ट्रॉनिक्स, मग सॉफ्टवेअर, आता ४७व्या वर्षी असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी (दिव्यांगांसाठीची उपकरणं, सॉफ्टवेअरं)... जावं का?

जुना_सोल्डर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. डिप्लोमा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), ९८ पासआउट. पहिली सहा-सात वर्षं भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत वजनकाट्यांचं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) लिहिलं, ८०५१ नावाच्या छोट्या चिपवर असेंब्लीत, बोर्ड पण आपणच टेस्ट करायचा, काही जळलं की तपकीर गल्लीत जाऊन आयसी पण आपणच आणायची. मग सगळे हिंजवडीला पळत होते तसा मीही पळालो, जावा शिकलो, सोळा वर्षं बँकिंगची सॉफ्टवेअरं केली आणि आता मॅनेजर आहे, म्हणजे दिवसभर एक्सेल आणि मीटिंगा.

मुद्दा असा की दोन वर्षांपूर्वी आमच्या मामांची नजर काचबिंदूने गेली. मामा एकटेच असतात, सदाशिव पेठेत, जुना वाडा. मी उत्साहाने त्यांना काठी बनवून दिली: अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा), जुन्या मोबाइलची व्हायब्रेशन मोटर. समोर ३ मीटरात काही आलं की मूठ थरथरणार. कोड एका संध्याकाळीत झाला, वीस वर्षांनी हातात सोल्डरिंग गन धरली आणि खरं सांगतो, इतका आनंद प्रमोशनला पण झाला नव्हता. मामांनी दोन दिवस वापरली आणि दारामागे उभी करून ठेवली. म्हणाले, "अरे ही सारखीच घुरघुरते, मला कळतच नाही कशाला घाबरायचं." बरोबरच आहे म्हणा, सदाशिव पेठेतल्या फूटपाथवर ३ मीटरात काहीच नाही असं कधी होतं का.

पण डोक्यातून जात नाहीये. कर्ज फिटलंय, मुलगी बारावीत आहे. नोकरी सोडून यात पूर्णवेळ उतरावं का? पोट भरतं का? आणि माझ्या या तीन डबक्यांतल्या अनुभवाचा नक्की उपयोग कुठे?

आवाजी_टेस्टर
दादा, मी जन्मापासून पूर्ण अंध, बाणेरला एका कंपनीत टेस्टर आहे. तुमची पोस्ट एनव्हीडीएवर ऐकली, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर. आधी काठीचं सांगतो, राग मानू नका. दर वर्षी फायनल इयरची पोरं काठी घेऊन येतात, आणि दर वर्षी आम्ही "छान आहे" म्हणतो, कारण पोरं चांगली असतात. आमची साधी पांढरी काठी जमीन बरोबर सांगते हो, खड्डा, पायरी, गटाराचं झाकण सगळं. ती काय सांगत नाही तर कमरेच्या वरचं. अर्धं उघडं शटर, टेम्पोचं फाळकं, एसीचं बाहेर काढलेलं युनिट, झाडाची फांदी. कपाळाला लागतं ते हे. आयआयटी दिल्लीने २०१४ ला स्मार्टकेन आणली, ती नेमकी गुडघ्याच्या वरचंच शोधते आणि साध्या काठीवर चढवायची असते, काठीच्या ऐवजी नाही. म्हणजे त्यांनी आधी विचारलं होतं कुणाला तरी. तुमच्या मामांना तुम्ही विचारलंत का की तुम्हाला अडतं कुठे? मी पैज लावतो, काठी त्यांच्या यादीत पहिल्या पाचात नसेल.

माझ्या यादीत पहिलं काय आहे सांगू? मराठी पीडीएफ. कुठलाही जुना अर्ज, परिपत्रक, संस्थेची नोटीस उघडा, युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) नसते, जुन्या फॉन्टात असते. कृतिदेव नावाच्या अशाच एका फॉन्टात "मराठी" टाइप केलं की डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलीत साठवलेलं असतं ई-जे-के-कॅपिटल बी-एच. स्क्रीन रीडर बिचारा तो इंग्रजी शब्द समजून काहीतरी "एज्कब्ह" असं थुंकतो. पानभर असं ऐकून बघा एकदा, डोकं उठतं. आणि तुम्ही म्हणाल सोपं आहे, अक्षराला अक्षर बदलून टाकू, तर नाही. पहिली वेलांटी या फॉन्टांत अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर लागते, मधे जोडाक्षर आलं तर तिला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायला लावायची. रफार उलटा, तो फॉन्टात शेवटी असतो आणि युनिकोडमध्ये र आधी. "मार्मिक" हा एक शब्द नीट करून दाखवा, रफार आणि वेलांटी दोन्ही एकाच अक्षरावर. वर एकाच पीडीएफमध्ये मधेच इंग्रजी वाक्य आलं की ते पण मराठी समजून कन्व्हर्ट होतं. कन्व्हर्टर आहेत, चुका करतात. ज्याने ८०५१ वर १२८ बाइट रॅममध्ये बफर सांभाळलेत त्या माणसाचं काम आहे हे.

अजून एक. तुम्ही एनव्हीडीए फुकट उतरवा, २००६ ला ऑस्ट्रेलियात मायकल करन नावाच्या अंध मुलाने सुरू केलेला, पायथनमध्ये आहे बराचसा, सोर्स उघडा आहे. ईस्पीकचा आवाज लावा. पहिल्यांदा डबा वाजल्यासारखा वाटेल, सगळे डोळसवाले म्हणतात की काय हा रोबोट, छान बाईचा आवाज लावा की. पण गोड आवाज वेग वाढवला की चिरडतात, ईस्पीक चिरडत नाही, म्हणून आम्ही तोच वापरतो. माझा वेग तुम्हाला शब्दच वाटणार नाही, माझ्या बायकोला वाटतं मिक्सर चालू आहे. मग मॉनिटर बंद करा, माउस उचलून कपाटात ठेवा, आणि स्वतःच्या कंपनीचं ॲप वापरून बघा. आठवडाभर. मग नोकरी सोडायचं बोलू.

हिशोबी_पुणेकर
वरचे भावनेचं बोलले, मी पैशाचं बोलतो, कुणीतरी बोलायला पाहिजे. मी एका स्टार्टअपमध्ये होतो ब्रेलच्या उपकरणाच्या, नाव सांगत नाही. सीएसआरचे (कंपन्यांच्या समाजकार्य निधीचे) पैसे मिळाले, दहा नग बनवले, वाटपाचा कार्यक्रम झाला, शाल, नारळ, पेपरात फोटो. सहा महिन्यांनी बघायला गेलो तर सात नग बंद, चार्जरची पिन गेलेली, आणि दुरुस्तीला आमच्याकडे माणूसच नव्हता कारण सीएसआरच्या बजेटमध्ये दुरुस्ती नावाची ओळच नसते. विकत घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा, ही या धंद्यातली खरी गोम आहे. वापरणाऱ्याला आवडलं काय नाही आवडलं काय, चेक लिहिणाऱ्याला फोटो मिळाला की झालं.

तेव्हा साहेब हार्डवेअर स्टार्टअप नको. सॉफ्टवेअर ॲक्सेसिबिलिटीत (दिव्यांगांनाही वापरता येईल असं करण्याच्या कामात) मात्र नोकऱ्या आहेत, खऱ्या पगाराच्या. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५ पासून लागू झालाय, त्यांचं काम करणाऱ्या इथल्या आयटी कंपन्यांना धावावंच लागतंय. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा होताच, पण ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) केसमध्ये सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हे कलम २१ च्या, म्हणजे जगण्याच्या, हक्कात येतं. डोळे मिचकावून दाखवा तरच खातं उघडेल, हे ज्याला डोळेच मिचकावता येत नाहीत त्याने कसं करायचं, असा सवाल होता. तुमची सोळा वर्षं बँकिंगचीच ना? मग अजून काय पाहिजे. डब्ल्यूसीएजी (वेब ॲक्सेसिबिलिटीची नियमावली) वाचा, आयएएपी या ॲक्सेसिबिलिटीवाल्यांच्या संघटनेची परीक्षा द्या, आहे त्या कंपनीतच हे काम मागून घ्या. मुलगी बारावीत असताना राजीनामा देणाऱ्याला माझ्या आईने दारात उभं केलं नसतं.

कर्वेनगरच्या_काकू
हिशोबीराव, तुमचं पटलं पण हार्डवेअरला एवढं झटकून टाकू नका. मी ८३ ची इलेक्ट्रॉनिक्सची, वर्गात आम्ही तीनच मुली. रिटायर झाल्यावर गेली आठ वर्षं उपकरणं दुरुस्त करते, अंध मुलांची, ओळखीतून येतात. ऑप्टॅकॉन नावाचं यंत्र होतं, स्टॅनफर्डचे जॉन लिनव्हिल, त्यांची मुलगी अंध, तिच्यासाठी केलं. छोटा कॅमेरा छापील अक्षरावरून फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ पिना थरथरून त्या अक्षराचा आकार उमटवायच्या. ब्रेल नाही, छापील अक्षरच, बोटाने! ७१ साली बाजारात आलं, ९६ ला उत्पादन बंद. लोकांना इतकं प्रिय की बंद पडल्यावर जुनी मशीनं फोडून पार्ट काढून वापरत राहिले. चांगलं यंत्र सुद्धा दुरुस्तीवाला नसला की मरतं.

आता ब्रेल डिस्प्ले घ्या, संगणकावरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या टिंबांतून ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र. प्रत्येक टिंबाखाली पिझोची पट्टी, तिला वाकवायला २०० व्होल्टच्या आसपास लागतात, करंट नगण्य. मुलं पोहे खाऊन त्याच हाताने वाचतात, तेल आणि धूळ मिळून टिंब अडकतं, अर्धवट वर राहतं, आणि एका टिंबाने अक्षर बदलतं. परवा एक मुलगा सांगत होता, "काकू, सगळे ब आता ह झालेत." कंपनी म्हणते पूर्ण मॉड्यूल बदला, किंमत ऐकून त्याच्या बाबांनी खुर्ची धरली. मी टिंबांवरच्या टोप्या काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवल्या, मऊ ब्रशने घासल्या, सुकवल्या, बसवल्या. तीन तास. हे करणारं कोणी मिळत नाही, आणि माझा हात आता थरथरतो. तुम्हाला फाइन सोल्डरिंग येतं ना?

आणि मुलीला टी. व्ही. रामन यांच्याबद्दल सांगा, आपल्या पुण्याचेच. चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच दृष्टी गेली, वाडिया कॉलेजातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलला पीएचडी, गणिताची समीकरणं बोलून दाखवणारी प्रणाली हाच विषय. पुढे स्वतःच्याच गरजेपोटी ईमॅकस्पीक हे संगणकाला बोलतं करणारं सॉफ्टवेअर लिहिलं.

जुना_सोल्डर
आवाजी दादा, पैज जिंकलात. मामांना विचारलं, पहिलं उत्तर आलं गोळ्यांच्या स्ट्रिप्स. बीपीची कुठली आणि साखरेची कुठली. एकाला रबरबँड लावला, तीस सेकंदात प्रश्न मिटला, अर्डुइनो नाही काही नाही. दुसरं उत्तर बँकेचं ॲप.

मॉनिटर बंद करून आमचंच ॲप उघडलं, आठवडा कसला, दोन तासांत घाम. नुसतं "बटन, बटन, बटन, ग्राफिक, बटन". पैसे पाठवायचं बटन कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मॉनिटर लावून मोजलं तर एका स्क्रीनवर नावाशिवायची ३१ बटनं, त्यातली चार माझ्या हातची, कमिट हिस्टरीत (कोड कुणी लिहिला याच्या नोंदीत) नाव आहे, २०१३. सोमवारी बॉसकडे जातोय, राजीनामा घेऊन नाही, ती यादी घेऊन.

"मार्मिक" करून बघितला. वेलांटी बसली, रफार अजून "मामिर्क" करतोय.

काकू, शनिवारी येऊ का? आयसोप्रोपिल मी आणतो, तो "ह"वाला मुलगा येणार असेल तर बरं, त्याच्याकडून थोडं वाचायला पण शिकीन. फक्त पोहे नंतर.