विषय : मेलबर्नमधील आपल्या मंडळाचा आषाढीचा कार्यक्रम आणि फ्लूची साथ

सचिव, कार्यकारिणी

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

आषाढी एकादशी यंदा कामाच्या दिवशी येत असल्यामुळे भजन व फराळाचा कार्यक्रम नंतरच्या शनिवारी, नेहमीच्याच कम्युनिटी हॉलमध्ये करण्याचे ठरले आहे. गेल्या वर्षी याच कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात अनेक कुटुंबे तापाने आडवी झाली होती, हे आपणांस स्मरत असेल. कार्यक्रम पुढे ढकलावा, अशी सूचना दोन सभासदांनी केली आहे, तर दारातच प्रत्येकाचा ताप मोजावा, असे आणखी एकाचे म्हणणे आहे. या बाबतीत माहिती असणाऱ्यांनी आपले मत कळवावे.

कळावे, लोभ असावा.

एक सभासद, टारनिट

सचिवांस आणि सर्वांस नमस्कार.

मी येथील रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दारात ताप मोजण्याने मनाचे समाधान होईल, त्यापलीकडे फारसे काही साधणार नाही. फ्लू झालेला माणूस स्वतःला काही जाणवण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच इतरांना तो देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. शिवाय सकाळी पॅरासिटामॉल घेऊन निघालेल्या माणसाचा ताप दारात सापडतच नाही. कार्यक्रम पुढे ढकलण्याचाही उपयोग नाही, कारण मेलबर्नमध्ये फ्लूचा जोर साधारणतः जून ते सप्टेंबर असतो, म्हणजे आषाढीपासून पार गणपतीपर्यंत. तेवढा काळ मंडळ बंद ठेवायचे झाले तर वर्षाचे अर्धे सण कॅलेंडरवरच राहतील.

खरी अडचण अशी आहे की, आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात अजून तिकडचेच ऋतू आहेत. थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, या हिशेबाने आपण लसीचा विचार करतो आणि तो सुचेपर्यंत येथील साथ येऊन गेलेली असते. माझ्या घरी आम्ही एक सोपी खूण ठरवली आहे : अक्षय्य तृतीया. ती एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते, त्या सुमारास नवी लस दवाखान्यांत आणि फार्मसीत आलेली असते आणि साथीचा जोर सुरू व्हायला अजून अवकाश असतो. गुंजभर सोने घेण्यासाठी घराबाहेर पडणारच असाल, तर दंड पुढे करून येण्यास दहा मिनिटे अधिक लागतात. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात आणि पहिले तीन-चार महिने ते सर्वाधिक असते. त्यामुळे यंदा राहून गेली असेल, त्यांनी आता घेतली तरी ऑगस्ट-सप्टेंबरसाठी ती वाया जाणार नाही.

‘मागच्या वर्षी घेतली होती’ हे उत्तर मी फार वेळा ऐकते. हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून दक्षिण गोलार्धाच्या पुढील हंगामाच्या लसीत कोणते प्रकार घ्यावेत, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना दर सप्टेंबरात करते. त्यासाठी विषाणूंचे नमुने तपासणाऱ्या जगातील मोजक्या सहयोगी केंद्रांपैकी एक आपल्याच शहरात, डोहर्टी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ‘लस घेतल्यावरच मला फ्लू झाला’ असेही सांगितले जाते. टोचल्या जाणाऱ्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकेच.

अंड्याविषयीचा प्रश्न खासगीत अनेकांनी विचारला आहे, तेव्हा येथेच लिहिते. बहुतांश लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनतात आणि त्यांत अंड्यातील प्रथिनांचा अत्यल्प अंश राहू शकतो. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही त्या देता येतात. ज्यांचा प्रश्न ॲलर्जीचा नसून आहारनियमाचा आहे, त्यांनी फार्मसीत पेशींमध्ये वाढवलेली लस आहे का, हे विचारावे. तशी लसही या देशात मिळते.

पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांना, गर्भवतींना, सहा महिने ते पाच वर्षांच्या आतील मुलांना आणि काही दीर्घकालीन आजार असणाऱ्यांना ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात विनामूल्य आहे. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल, तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, हे मात्र तरुण आईवडिलांकडून हमखास निसटते.

आणखी एक. गेल्या वर्षी हॉलमधील हीटर पूर्ण चालू होता आणि सगळ्या खिडक्या बंद होत्या. अशा जागी दोन तास मोकळ्या गळ्याने भजन म्हणणे म्हणजे एकाच्या फुप्फुसातील हवा सर्वांनी वाटून घेणे होय. समोरासमोरच्या दोन-दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि सर्वांनी शाली आणाव्यात, अशी माझी विनंती आहे.

एक सभासद, पॉइंट कुक

सर्वांस नमस्कार.

ताईंचे पत्र जपून ठेवावे असे आहे. मला त्यात एका गोष्टीची भर घालायची आहे, कारण गेल्या वर्षीच्या आजारपणाचा उगम बहुधा मीच होतो. खिचडीचा साबुदाणा भिजवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. शुक्रवारी रात्री अंग मोडून आले होते, तरीही ‘आता ऐनवेळी कोणाला सांगणार’ या संकोचापोटी मी शनिवारी आलो, शंभरावर लोकांना वाढले आणि सोमवारी कामावरही गेलो. फ्लू असल्याचे घरगुती चाचणीत मंगळवारी कळले.

कामावर का गेलो, याचा नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा लक्षात आले की मी आजारपणाची रजा ‘साठवत’ होतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या नोकऱ्यांत रजा शिल्लक ठेवणे हा सद्गुण होता, कारण निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळत. येथील पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला दहा दिवसांची वैयक्तिक व शुश्रूषा रजा कायद्याने मिळते, न वापरलेली पुढील वर्षात जाते, परंतु नोकरी सोडताना तिचे पैसे सहसा मिळत नाहीत आणि भारतवारीसाठीही ती वापरता येत नाही. म्हणजे ती आजारी पडण्यासाठीच आहे. घरातील कोणी आजारी असेल, तर त्यांची शुश्रूषा करण्यासाठीही तीच रजा घेता येते आणि त्यात आईवडिलांप्रमाणे सासू-सासरेही येतात. एका दिवसाच्या रजेसाठीही पुरावा मागण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र त्यासाठी दरवेळी डॉक्टरची वेळ मिळवावी लागत नाही, साध्या आजारासाठी फार्मासिस्टही प्रमाणपत्र देऊ शकतो.

घरून काम करण्याची सोय आल्यापासून एक नवीच खोड आपल्याला लागली आहे. पूर्वी ताप आला की माणूस झोपत असे. आता तो रजई पांघरून, कॅमेरा बंद ठेवून बैठकीला हजर राहतो आणि त्याला रजा वाचवल्याचे समाधानही वाटते. माझ्या जुन्या कार्यालयात ‘वेलनेस’ सप्ताहात फळांच्या टोपल्या आल्या, दुपारी योगासने झाली आणि त्याच सप्ताहात आजारी सहकाऱ्याचे काम कोण करणार, हे कोणीच ठरवले नव्हते. माणसाला निर्धास्तपणे झोपता येण्यासाठी फळांपेक्षा बदली माणसाची गरज असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सर्व नियम कायम नोकरीसाठी झाले. आपल्या मंडळात गोदामांत, वृद्धाश्रमांत, उपाहारगृहांत कॅज्युअल म्हणून, म्हणजे कायम नेमणुकीविना तासांच्या हिशेबाने, काम करणारे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांना ताशी दर वाढवून मिळतो, परंतु भरपगारी आजारपणाची रजा मिळत नाही, आणि कामाची एक पाळी बुडाली की त्या आठवड्याचे घरभाडे डोळ्यांसमोर येते. ‘आजारी असाल तर घरी बसा’ हे त्यांना सांगणे सोपे आहे. त्या आठवड्यात त्यांच्या दारी डबा पोहोचवणे, हे आपल्या हातात आहे.

एका सभासदाचे वडील, वेरिबी

सप्रेम नमस्कार.

मुलाच्या पत्त्यावरून लिहीत आहे. मी व माझी पत्नी सहा महिन्यांसाठी येथे आलो आहोत. जिल्हा परिषदेतील नोकरीत मी रजा साठवली आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसेही घेतले, त्यामुळे वरील पत्रातील चिमटा मला पोहोचला. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी आम्ही पुण्यात होतो. शाळा, नाट्यगृहे बंद झाली होती, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागत आणि तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी मंडईत जात नसे. महिना सरला, रुमाल सुटले आणि आम्ही सगळे विसरलो. लस घ्यावी, असे त्यानंतर एकदाही मनात आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढचे आहोत. आम्हांला येथे लस मिळेल काय? आणि येताना आमच्या डॉक्टरांनी सर्दी-तापासाठी म्हणून अँटिबायोटिकची एक स्ट्रिप दिली आहे, ती चालेल काय?

एक सभासद, टारनिट

आदरणीय काका,

लस जरूर मिळेल. पर्यटक व्हिसावर भारतातून आलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे येथील सरकारी आरोग्य विमा, लागू नाही, म्हणून विनामूल्य कार्यक्रमाऐवजी ती पैसे देऊन घ्यावी लागेल. पासष्टीपुढच्यांसाठी अधिक परिणामकारक अशी वेगळी लस असते आणि ती नेहमीच्या लसीपेक्षा महाग असते. तरीही तीच मागावी.

स्ट्रिप मात्र कपाटातच ठेवावी. फ्लू विषाणूमुळे होतो आणि अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. तुमच्या वयात ताप व अंगदुखी एकदम सुरू झाली, तर वाट न पाहता पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना भेटावे, कारण फ्लूवरील विषाणूरोधक औषध सुरुवातीलाच घेतल्यास अधिक उपयोगी पडते. धाप लागली, छातीत दुखले किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर संकोच न करता ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात रुग्णवाहिका सर्वांना मोफत नसते, तेव्हा आपल्या प्रवास विम्यात तिचा खर्च आहे का, हे मुलाला आजच पाहायला सांगावे. काकूंना नमस्कार.

सचिव, कार्यकारिणी

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

आपल्या पत्रांवर काल कार्यकारिणीत चर्चा झाली. कार्यक्रम ठरलेल्या शनिवारीच होईल. खिडक्या उघड्या राहतील, त्यामुळे शाल-स्वेटर आणावेत; हीटर चालू ठेवून खिडक्या उघडल्याने वीज वाया जाते, असा आक्षेप कोषाध्यक्षांनी नोंदवला आहे व तो मान्य करूनच हा निर्णय घेतला आहे. खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि आमटी पंगतीऐवजी डब्यांत भरून दिली जाईल, म्हणजे घरी थांबलेल्यांकडे शेजाऱ्यांना डबा नेता येईल. कॅज्युअल काम करणारे जे विद्यार्थी आजारी असतील, त्यांनी मला खासगीत कळवावे. आठवडाभर जेवण पोहोचवण्यासाठी टारनिट व वेरिबी येथील सहा घरांनी नावे दिली आहेत.

यापुढे प्रत्येक कामासाठी दोन माणसे नेमली जातील आणि ‘मला बरे नाही’ एवढ्या एका ओळीवर दुसऱ्याने काम हाती घ्यायचे आहे. कारण विचारले जाणार नाही. साबुदाणा, ध्वनियंत्रणा, हॉलची किल्ली आणि मुलांची दिंडी या सर्वांना बदली मिळाली आहे. पखवाजाला मात्र अद्याप कोणी नाही. आपले पखवाजवादक सध्या ठणठणीत आहेत, पण ते बालवाडीत शिकवतात, तेव्हा त्यांचा भरवसा धरू नये, असे त्यांनीच सुचवले आहे. ज्यांना निदान ‘ज्ञानोबा-तुकाराम’ या गजरापुरता ठेका धरता येतो, त्यांनी गुरुवारपर्यंत कळवावे.

कळावे, लोभ असावा.