ओपीडीत गेलेच नाहीत, रेकॉर्डमध्ये मात्र तीन व्हिजिट! मदत हवी आहे

घणसोलीकर: बाबांचा आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीने फेटाळलाय. म्हणे, पॉलिसीच्या आधीच बीपीसाठी तीनदा दाखवलं होतं, ते लपवलं. बाबा तिथे गेलेच नव्हते! हॉस्पिटल म्हणतं, सिस्टीममध्ये आहे म्हणजे आलेच असणार. हे खोटं कसं पाडायचं? लवकर सांगा, मुदत संपतेय.

तलावपाळी: कसली मुदत? प्रिंटआऊटवर नक्की काय आहे?

कोपरी_पूर्व: सगळ्यांनी आभा कार्ड, म्हणजे सरकारी हेल्थ आयडी, काढून ठेवा. १४ आकडी नंबर मिळतो, फुकट. सगळे रिपोर्ट एका जागी.

तलावपाळी: अहो, ते विचारलंय का कोणी?

कलमबहाद्दर: नुसत्या प्रिंटआऊटला किंमत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३, १ जुलै २०२४ पासून. आधीच्या पुरावा कायद्यातलं ६५-ब. सोबत प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाईलचा डिजिटल ठसाच तो). २०२० च्या खोतकर-गोरंट्याल निकालात सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं म्हटलंय.

माजी_फ्रंटडेस्क: कोर्ट कुठून आलं मध्येच? विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल इतकं काटेकोर बघत नाही. वाशीत काउंटरला होतो, म्हणून सांगतो. आमच्याकडे फोनवर अपॉइंटमेंट घेतली की व्हिजिट उघडली जायची. पेशंट आला नाही तर ती रद्द करायची असते, पण संध्याकाळच्या गर्दीत कोण करतंय! बिल नंबर मागा. बिल नाही तर व्हिजिट नाही.

कलमबहाद्दर: असं कसं? फॉलोअप फुकट असतो बऱ्याच ठिकाणी.

माजी_फ्रंटडेस्क: पहिली तरी फुकट नसते ना? शिवाय ऑडिट ट्रेल मागा. कुठल्या लॉगिनवरून, किती वाजता नोंद झाली, नंतर कोणी हात लावला, सगळं निघतं.

घणसोलीकर: लोकपालाकडे वर्षाच्या आत जायचं असतं, ते संपत आलंय. प्रिंटवर तिन्ही तारखांना वजन ६८.४, पल्स ७८, बीपी १५०/९४. एका नोंदीची वेळ रात्री ११:४०. ओपीडी आठला बंद होते. मोबाईल नंबर माझा आहे, कारण काकांचं तिथे चालू होतं तेव्हा मीच दिला होता. पण त्याचा इथे काय संबंध?

माजी_फ्रंटडेस्क: अहो महाराज, हे आधी सांगायचं ना! आडनाव एक, नंबर एक. नंबर टाकला की काका-बाबा दोन्ही नावं समोर येतात, घाईत वरचं क्लिक होतं. आणि मागची नोंद कॉपी केली की वजन-पल्सही तेच येतं. तीन भेटींत १०० ग्रॅमचाही फरक नाही? आमच्या काट्यावर कपडे बदलले तरी आकडा हलायचा. काकांच्या सहीने त्यांची फाईल लेखी मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. तारखा जुळवा.

कलमबहाद्दर: आणि पोच घ्या. नुसतं तोंडी नको.

घणसोलीकर: काका दिव्याला असतात. रविवारी जाऊन सही घेतो.

कोपरी_पूर्व: मेगाब्लॉक बघून निघा. काकांचं आभा काढलंय का?